घराणं चांगलं आहे, उघडा

खारोडे सरांच्या एकसष्टीला साडेतीनशे माणसं जेवायला आली, तेव्हा सरांचं वय छप्पन्न होतं.

रविवारचा दिवस. अंजनगावच्या ज्ञानप्रसाद विद्यालयाच्या मैदानावर सकाळी साडेदहापासूनच गर्दी व्हायला लागली. कुणी टोपी-दुपट्टा आणला होता, कुणी शाल-श्रीफळ, आणि एका माजी विद्यार्थ्यानं सरांचा हातभर फोटो चौकटीत बसवून आणला होता. मुख्याध्यापक खारोडे सर त्या वेळी घरी बनियनवर बसून दाढी करत होते. शिपायाचा फोन आला, "सर, लोक आले, पंगत कुठं बसवायची?" सरांना वाटलं, याला ऊन लागलं. अर्धी दाढी तशीच ठेवून ते मैदानावर पोचले, तर लोकांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

झालं होतं ते असं. शुक्रवारी सरांच्या फोनवर 'आदर्श मुख्याध्यापक पुरस्कार' असा एक आखूड दुवा आला. सरांनी तो फोनमधल्या पारखीकडून, म्हणजे दुवे तपासणाऱ्या यंत्राकडून, रीतसर तपासून घेतला. हिरवा दिवा लागला. सरांनी दुवा उघडला. आत पुरस्कार काही नव्हता, पण दुव्यानं सरांच्या फोनमधली चौदाशे नावं उचलली आणि प्रत्येकाला सरांच्याच आवाजात आमंत्रण धाडलं: माझ्या एकसष्टीला सहकुटुंब या, जेवणाची जागा इथे बघा. खाली नवा दुवा. त्या लोकांनीही पारखीला विचारलं, हिरवा दिवा बघितला आणि जागा बघायला आत गेले. रविवारपर्यंत अर्ध्या तालुक्याचे फोन उरलेल्या अर्ध्या तालुक्याला कशाचं ना कशाचं आमंत्रण देत होते.

"फसलो त्याचं काही नाही," सर सोमवारी स्टाफरूममध्ये म्हणाले. "पण साडेतीनशे माणसांत एकालाही वाटू नये की हा माणूस एकसष्टचा दिसत नाही?"

प्रणिता काळमेघ मान खाली घालून वह्या तपासत बसली होती, कारण दुवापरीक्षण हा विषय शाळेत तीच शिकवत होती आणि शाळेची पारखी तिच्याच कपाटात होती.

ही गोष्ट २०४१ सालची. तोवर लांबलचक पत्ते कोणी लिहीत नसे. रेशन, वीजबिल, गृहपाठ, लग्नपत्रिका, तेरवीचा निरोप, सगळं पाच-सहा अक्षरांच्या आखूड दुव्यात येई. आखूड दुवा हा खरं तर पत्ता नव्हेच. तो एका मध्यस्थाच्या वहीतला क्रमांक. आपण बोट लावलं की मध्यस्थ वही उघडतो, त्या क्रमांकासमोर कुठलं घर लिहिलंय ते बघतो आणि आपल्याला तिथे नेऊन सोडतो. वहीत सकाळी एक घर लिहून दुपारी दुसरं लिहिता येतं. बाहेर दिसणारी अक्षरं तीच राहतात, त्यामुळे आपल्याला काही कळत नाही.

लोक फार फसायला लागले तेव्हा पारखी आली. शाळेची पारखी होती पोळ्यांच्या डब्याएवढी, फोनमधली तर दिसायचीही नाही, पण काम एकच. पारखीच्या पोटात एक खोटा फोन असे, त्याला एक खोटा मालक, मालकाची खोटी नातीगोती, खोटं खातं. ती या खोट्या मालकाला दुव्यावर पाठवी, तिथे कोणी त्याच्या खिशात हात घालतंय का ते बघे, आणि मग फोन मालकासकट पुसून टाकी. सगळं तीन सेकंदांत. हिरवा लागला की जा, लाल लागला की थांबा.

दोन वर्षं सगळं छान चाललं. मग दुवे शहाणे झाले. पारखीचा खोटा मालक फार सज्जन होता. त्याच्या फोनची बॅटरी कायम शंभर टक्के. त्याचं बोट कधी भलत्या जागी लागत नसे. मधेच त्याला कुणाचा फोन येत नसे. दुव्यांनी ओळखलं, की हा माणूस नव्हे, हा तपासनीस आहे. मग ते त्याला फुलांची चित्रं आणि सुविचार दाखवायला लागले, आणि खरा माणूस आला की खरं तोंड बाहेर काढायला लागले. यांना दुतोंडी दुवे म्हणत. पारखी बिचारी सुविचार वाचून हिरवा दिवा लावत होती.

प्रणिताची खरी काळजी मात्र सरांच्या एकसष्टीची नव्हती. फेब्रुवारीत दहावीच्या मुलांची स्वतः दुवे उघडायच्या परवान्याची परीक्षा होती. अठराच्या आतल्या मुलांना परवाना नसेल तर त्यांचा प्रत्येक दुवा आधी पालकाच्या फोनवर जाई, पालकानं हो म्हटलं तरच उघडे. पालकानं सगळी जबाबदारी स्वतःवर घेऊन मुलाला मोकळीक द्यायचा एक कागद होता, नमुना सात. तो आजवर गावात कोणी भरला नव्हता. कोणता बाप भरेल?

वर्गात एकतीस मुलं होती आणि त्यात अन्विता भुयार होती. अन्विताला अमरावतीच्या तंत्रनिकेतनात जायचं होतं, होस्टेलवर राहून. तिचे वडील रोशन भुयार पानमळेवाले. ते पालकसभेत स्पष्टच बोलले होते.

"मॅडम, होस्टेलवर दिवसाले पन्नास दुवे येतील. मी इथं वेल बांधू का तिचे दुवे उघडू? परवाना आणला तर जाय म्हणा. नाही तर इथंच कला शाखा आहे."

अन्विता तेव्हा बापामागे उभी होती. ती नुसती प्रणिताकडे बघत राहिली. प्रणिताला त्या नजरेनं नंतर चार दिवस नीट जेवण गेलं नाही.

घरात सासू-सून दोघीच. नवरा अकोल्याला नोकरीला, शनिवारी यायचा. सासूबाईंचं नाव बेबीताई, वय शहात्तर. त्यांनी आयुष्यात एकशे अठरा लग्नं जुळवली होती, तीही फुकट, हौसेनं. त्यातली दोन मोडली. त्या दोन्ही वेळी लोकांनी आपलं ऐकलं नव्हतं, असं त्या सांगत. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी भाचीच्या मुलीसाठी परतवाड्याच्या एका स्थळाची चौकशी चालली होती. बेबीताईंनी आतापर्यंत तिथल्या किराणावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला आणि समोरच्या घरातल्या आजोबांना फोन लावला होता.

"आई, मुलाच्या घरी का नाही विचारत?" प्रणिता पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"घरी कायले विचारू? सांगून गेलं की सगळेच पोहे करतात. वरून खोबरं, बारीक चिरलेला हिरवा सांबार. त्या दिवशी बाप दारू पेत नाही अन् सासू गोड बोलते."

"मग कळणार कसं?"

"न सांगता जायचं. साधं पातळ नेसून. दार वाजवायचं अन् म्हणायचं, इथं पोटे राहतात काय? पोटे तिथं राहत नाहीत हे आपल्याले माहीत आहे. पण अनोळखी बाईसंगं ते कसे बोलतात ते समजते. मग दोन दिवसांनी दुसरीले पाठवायचं, अंगावर सोनं घालून. दोघींले एकच वागणूक भेटली तर घर सरळ. दोन भेटल्या तर उठून यायचं."

प्रणिताच्या तव्यावरची पोळी करपली. "आई," ती म्हणाली, "आपली पारखी सांगून जाते."

"मग तिले पोहेच भेटतील," बेबीताई म्हणाल्या आणि पुढचा फोन लावायला लागल्या.

पुढच्या सोमवारी दहावीच्या वर्गात खुर्चीवर बेबीताई बसल्या होत्या. प्रणितानं फळ्यावर लिहिलं: चौकशी. मुलं आधी खिदळली, पण बेबीताईंनी पहिल्या बाकावरच्या मुलाला त्याच्या आत्याच्या लग्नातल्या दोन गोष्टी ऐकवल्यावर गप्प बसली.

"आधी आखूड दुवा लांब करून घ्यायचा," प्रणिता सांगत होती. "काही मध्यस्थ दुव्याच्या शेपटाला अधिकचं चिन्ह लावलं की पूर्ण पत्ता दाखवतात. नाहीतर पारखीला सांगा, नुसता पत्ता वाच, आत जाऊ नको. मग त्या पत्त्यात आडनाव शोधा. सुरुवातीच्या जोड रेघा सोडल्या की पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधीचे टिंबानं जोडलेले दोन शब्द, सरकारी पत्त्यात तीन. घर त्यांचं. त्यांच्या आधी कितीही मोठी नावं लिहिलेली असोत."

"ते लाडाची नावं," बेबीताई म्हणाल्या. "पुढं बँक लावा का सरकार लावा. फुकटात लागते."

"मग घर किती जुनं ते बघायचं. नाव कधी नोंदवलं ते कोणालाही पाहता येतं. मागच्या आठवड्यात नोंदवलेलं घर साठ वर्षांच्या बँकेचं कसं असेल? त्यानंतर न सांगता जायचं, दोन वेषांत जायचं. आणि एवढं करूनही पाठवणाऱ्याला दुसऱ्या वाटेनं विचारायचं. ज्या फोनवर निरोप आला त्याच फोनवर नाही. आवाज ओळखीचा वाटला म्हणून तर मुळीच हो म्हणायचं नाही. आवाज आज कोणाचाही काढता येतो, सरांना विचारा."

अन्वितानं हात वर केला. "मॅडम, तुम्हीच पाठवला तर?"

"मी पाठवला तर आधी शंका घ्यायची. फसवणारा परक्याच्या नावानं येत नाही. ज्याचं ऐकायची सवय आहे त्याच्या नावानं येतो."

अन्वितानं ते वहीत उतरून घेतलं आणि खाली रेघ मारली. प्रणिताला ती रेघ फार आवडली. पुढे ती आपल्याला किती महागात पडणार आहे, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन वेषांत जायचं तर वेष पाहिजे. पारखीत नवा खोटा मालक तयार करता येत होता, पण तो खऱ्यासारखा वाटायला हवा. वर्गानं तीन तासिका खर्ची घालून मनोहर डाखोरे नावाचा माणूस बनवला. वय चौतीस, पानमळा, घरी आई. फोनची काच तडकलेली, बॅटरी कायम सतरा टक्के. न वाचलेले शुभ सकाळचे चार हजार निरोप. बोट जाडं, म्हणून दर तिसरी टिचकी भलतीकडे. मधेच आईचा फोन येतो, दही आणायला सांगते, हा दुवा अर्धवट सोडून तिकडे वळतो आणि दहा मिनिटांनी आपण कुठे होतो ते विसरून परत येतो. यातला बराचसा मालमसाला अन्विताच्या घरचा होता.

दुव्यांनी मनोहरला डोक्यावर घेतलं. ज्या दुव्यांनी पारखीला फुलं दाखवली, त्यांनी मनोहरला लॉटरी दिली, दुबईत नोकरी दिली, त्याच्या फोनची चावी मागितली. एकाच दुव्याला दोन तोंडं दिसली की वर्ग ओरडे, "दोन पोहे!" आणि प्रणिता लाल खडूनं फुली मारी. डिसेंबरपर्यंत मुलं शंभरातले सत्त्याण्णव दुवे बरोबर ओळखत होती. मुलं मनोहरवर जीव टाकायला लागली. संक्रांतीला कुणीतरी पारखीच्या डब्यावर तिळगूळ ठेवला.

त्याच सुमारास एक गंमत झाली. कुठल्याशा लबाड वधूवर दुव्यानं मनोहरची माहिती उचलून पुढे विकली असावी, कारण एका ओळखीच्या बाईकडून बेबीताईंच्या हातात मनोहर डाखोरेचा बायोडेटा येऊन पडला. मुलगा निर्व्यसनी, पानमळा, आईचं ऐकणारा. बेबीताईंनी वर्गात मनोहरचं नाव ऐकलेलं नव्हतं. प्रणितानं मुद्दामच काही सांगितलं नाही. बेबीताई दोन दिवस फोनवर होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद फाडला.

"पोरगा कागदावर एक नंबर आहे," त्या म्हणाल्या. "पण अख्ख्या गावात त्यानं कोणाशी भांडण केलं नाही. असा माणूस नसते."

प्रणितानं ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मुलांना मनोहरचा पाणउतारा झाल्यासारखं वाटलं. प्रणिता मात्र विचारात पडली. यंत्राचे डोळे चुकवता येतात, दुव्यांचेही चुकवता येतात. बेबीताईंचे चुकवता आले नव्हते.

परीक्षेचा दिवस मंगळवारचा. राज्य अंकीय साक्षरता मंडळाकडून सकाळी अकराला प्रश्नपत्रिकेचा दुवा मुलांसमोरच्या पडद्याच्या पाट्यांवर येणार, साडेअकराला बंद होणार. अर्ध्या तासात तीस दुवे तपासायचे. पारखी वापरायला मुभा होती, ती सगळ्या पाट्यांना जोडलेली होती. देखरेखीला प्रणिता आणि खारोडे सर.

अकराला एकतीस पाट्यांवर एकतीस वेळा टिंग झालं. मुलांनी माना खाली घातल्या. प्रणितानं देवाचं नाव घेतलं.

अकरा वाजून चार मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की वर्गात कोणीच प्रश्न सोडवत नाहीये. मुलं आपापसात नव्हे, पण पारखीशी कुजबुजत होती.

"काय झालं?" तिनं विचारलं.

अन्विता उभी राहिली. "मॅडम, या दुव्याचं आडनाव मंडळाचं नाही. कोणत्या तरी कंपनीचं आहे."

"मंडळानं काम कंपनीले दिलं असंल," खारोडे सर म्हणाले. "उघडा, वेळ जाते."

"घर आठ दिवसांचं आहे सर. मागच्या सोमवारी नोंदवलं."

"परीक्षेसाठीच बांधलं असंल ना मग!"

"अन् पारखीले म्हणते दुरुस्तीसाठी बंद आहे," मागून एकजण म्हणाला. "मनोहरले म्हणते तुम्ही परीक्षार्थी नाही, आधी तुमची ओळख सांगा. दोन पोहे, सर."

दुवा खरा असणार, हे प्रणिताला दिसत होतं. मंडळाचं काम असंच असतं: घाईघाईत नेमलेली कंपनी, घाईघाईत घेतलेलं नाव, आणि नोंदलेल्या मुलांखेरीज कोणाला आत घ्यायचं नाही म्हणून दाराशी प्रत्येकाला वेगळं उत्तर. अस्सल सरकारी दुवा शंभर टक्के लबाडासारखा वागत होता. पण असणार म्हणजे आहे असं नव्हे. हेच तर तिनं वर्षभर शिकवलं होतं.

"मी मुख्याध्यापक म्हणून सांगतो, उघडा," खारोडे सर म्हणाले.

मुलं सरांकडे आदरानं बघत राहिली. कोणाचं बोट हललं नाही. एकसष्टीचं जेवण सगळ्यांच्या लक्षात होतं.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा ना," सर हळूच म्हणाले. "तुमचं ऐकतील."

ऐकलं असतं. प्रणिताला ते पक्कं माहीत होतं. एक शब्द, आणि एकतीस बोटं खाली गेली असती, एकतीस परवाने आले असते, अन्विता अमरावतीला गेली असती. आणि मग कधीतरी, दोन वर्षांनी, होस्टेलच्या खोलीत, कोणीतरी प्रणिताच्याच आवाजात तिला म्हटलं असतं, उघड. अन्विता तिच्याकडेच बघत होती, पालकसभेत बघत होती तशी. प्रणिताला भीती वाटली आणि त्याच वेळी या मुलीचा अभिमानही वाटला.

"मी सांगणार नाही," ती म्हणाली. "चौथी गोष्ट राहिली आहे. पाठवणाऱ्याची दुसऱ्या वाटेनं चौकशी करा."

सरांनी कपाळाला हात लावला, पण मंडळाचा फोन त्यांनीच लावला. तिकडून गोड आवाज आला: आपल्या शंकेचं उत्तर दुव्याद्वारे पाठवण्यात आलं आहे, कृपया दुवा उघडा. सरांनी दुसरा क्रमांक लावला. तोच आवाज. अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती.

तेव्हा प्रणितानं घरी फोन केला. मंडळाच्या अमरावतीच्या कार्यालयात एक तायडे म्हणून होते, आणि तायड्यांचं लग्न बेबीताईंनी जुळवलेलं होतं. एकशे अठरापैकी नव्वदावं.

"आई, तायड्यांना एवढंच विचारा, हा दुवा तुमचाच का. लवकर."

"तायड्याले कायले विचारू? तो त्याच्या घरचं सांगंल. त्याच्या बाजूच्या टेबलावर एक बाई बसते, तिची जाऊ माझ्या ओळखीची आहे. ठेव तू."

"आई, साडेअकराच्या आत हवं आहे."

"घाई केली की माणूस खोटं सांगते," बेबीताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरची मिनिटं त्या वर्गातलं कोणी विसरलं नाही. अकरा वीसला प्रणितानं घरी फोन लावला, लागलेला होता. अकरा चोवीसलाही लागलेला होता. ते बोलणं नंतर तिला कळलं. बेबीताईंनी आधी जावेच्या गुडघ्यांची चौकशी केली, मग तिच्या सुनेच्या बाळंतपणाची, मग बाळाचं नाव काय ठेवलं त्याची. जावेनं बाईला फोन लावून दिला, तेव्हा त्या बाईच्याही गुडघ्यांची. एकशे अठरा लग्नं काही उगाच जुळलेली नव्हती. माणूस मोकळा झाल्याशिवाय बेबीताई मूळ प्रश्नाला हातच घालत नसत.

साडेअकराला एकतीस पाट्या एकदम काळ्या झाल्या.

अकरा तेहतीसला फोन वाजला. बेबीताईंचा आवाज खणखणीत होता. "खरा आहे दुवा. घराणं चांगलं आहे. उघडा."

त्याच संध्याकाळी आलेल्या निकालाच्या कागदावर एकतीस नावांपुढे 'अनुपस्थित' असं छापून आलं. जिल्ह्याचा निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला. बाकीच्या शाळांतल्या मुलांनी दुवा सरासरी चार सेकंदांत उघडला होता. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी होती, तंत्रनिकेतनाचे प्रवेश चार महिन्यांनी. खारोडे सर प्रणितावर चिडले नाहीत, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ते फक्त म्हणाले, "मॅडम, तुमचं चुकलं असंही म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे."

दुसऱ्या दिवशी रोशन भुयार शाळेत आले. मळ्यातून तसेच आले होते, पायाला चिखल होता. मागे अन्विता, रडून डोळे सुजलेली.

"काल काय झालं ते सांगा मॅडम," ते म्हणाले. "पोरीनं सांगितलं, पण तुमच्याकडून ऐकतो."

प्रणितानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "मी एक शब्द बोलले असते तर ती पास झाली असती," ती म्हणाली. "मी बोलले नाही. तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, तिच्यावर नको."

"किती वेळ दुवा समोर होता?"

"अर्धा तास."

"सर उघडा म्हणून राहिले होते?"

"म्हणत होतो," खारोडे सर कोपऱ्यातून म्हणाले.

"हिचं होस्टेल त्याच्यावर होतं, हे हिले माहीत होतं?"

"होतं."

"अन् हिनं उघडला नाही."

"नाही उघडला."

भुयारांनी खारोडे सरांकडे पाहिलं. "सर, मी आलो होतो तुमच्या एकसष्टीले. टोपी-दुपट्टा घेऊन. हिरवा दिवा पाहूनच आलो होतो."

सरांनी मान डोलावली.

"परवाना म्हणजे बी एक हिरवा दिवाच ना जी?" भुयार म्हणाले. "तो नमुना सात कुठं भेटते?"

नमुना सात शोधायला तास लागला. तो कोणी मागितलाच नव्हता, त्यामुळे गठ्ठा खेळाच्या सामानाच्या पेटीत, लेझीमच्या खाली सापडला. रोशन भुयारांनी तो ओळ न् ओळ वाचला, दोनदा वाचला, आणि सही केली. मग अन्विताच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जाय." प्रणिताला रडू फुटलं. तिनं ते लपवलं नाही, आणि सरांनी तिला आपला रुमाल दिला. त्या आठवड्यात आणखी अठरा पालक येऊन लेझीमखालचे कागद भरून गेले. उरलेले बारा फेरपरीक्षेला थांबले.

जुलैत अन्विता अमरावतीला गेली. ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी प्रणितानं तिला एक आखूड दुवा पाठवला. नव्या दहावीनं मनोहरचा वाढदिवस साजरा केला होता, त्याचे फोटो. संध्याकाळ झाली तरी दुवा उघडल्याची खूण काही उमटली नाही. विसरली असेल, प्रणितानं मनाशी म्हटलं. थोडं वाईट वाटलं. ती स्वयंपाकाला लागली.

बाहेरच्या खोलीत बेबीताईंचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून आवाज घरभर येत असे.

"मी अमरावतीहून बोलते," एक अनोळखी बाई म्हणत होती. "होस्टेलच्या मेसमधून. तुमच्या तिथं काळमेघ मॅडम राहतात काय?"

"राहतात," बेबीताई सावरून बसल्या. "तुमचे गुडघे कसे आहेत?"

प्रणिताच्या हातातला चमचा थांबला. ती खाकरली नाही, बाहेर गेली नाही. दाराआड उभी राहून ऐकत राहिली. बाईंचे गुडघे झाले, मेसमध्ये मुली किती ते झालं, वरण पातळ होतं की घट्ट ते झालं. मग बाईनं हळूच विषय काढला. मॅडम कशा आहेत स्वभावानं? आज कोणाला काही पाठवत होत्या का? एका पोरीसाठी विचारून राहिले.

"बाई सरळ आहे," बेबीताई म्हणाल्या. "दुपारी बसली होती फोटो पाठवत, मी डोळ्यांनी पाहिलं. तशी काही खोड नाही. भाजीत मीठ कमी टाकते, तेवढंच."

पाच मिनिटांनी प्रणिताच्या फोनवर खूण उमटली. दुवा उघडला होता. तिनं ती खूण दोनदा बघितली, पदरानं डोळे पुसले आणि भाजीत चिमूटभर मीठ आणखी टाकलं.